पडून असलेली लोकर वापरात आणायची कशी: वजन, जाडी, नमुना आणि हिशेब

विणणाऱ्याच्या घरात लोकर कमी कधीच नसते. अर्धे गुंडे, लेबल हरवलेल्या लडी, एखाद्या जुन्या स्वेटरची उसवून ठेवलेली लोकर असं बरंच काही पिशव्यांमध्ये पडून असतं. तरीही नवीन काम सुरू करताना नवीनच लोकर आणली जाते, कारण हातातला गुंडा किती पुरेल याचा भरवसा नसतो. हा भरवसा मोजल्याशिवाय येत नाही. म्हणून आधी लोकर मोजायची आणि मग तिच्यात काय बसेल ते ठरवायचं. आधी डिझाइन आवडून घ्यायचं आणि मग घरातली लोकर त्यात कशीबशी बसवायची, हा क्रम उलटा आहे. दुसरी बाही अर्ध्यावर अडकते ती त्यामुळेच.

लागणारं सामान थोडं आहे: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा (०.१ ग्रॅमचा असेल तर फारच उत्तम), मापाची टेप, पट्टी, पेन्सिल, जाड कागदाच्या चिठ्ठ्या आणि झिप असलेल्या पारदर्शक पिशव्या.

लोकर कशाची आहे

लेबल असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर जाळून बघायचं. पाच सेंटिमीटरचा तुकडा चिमट्यात धरा, खाली धातूचं ताट आणि शेजारी पाणी ठेवा, खिडकी उघडी असू द्या. खरी लोकर आळसटून जळते, केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला केली की बहुतेक वेळा आपोआप विझते आणि राहिलेली काळी राख बोटांनी चुरडली जाते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. तो गरम असताना हात लावू नका, चिकटून भाजतं. सुती धागा कागदासारखा भुर्रकन जळतो, राख करडी आणि मऊ असते. मिश्र लोकर दोन्हीकडच्या खुणा दाखवते. अशा वेळी ती नाजूकच समजा आणि थंड पाण्यात हातानेच धुवा.

खरी लोकर निघाली तर आणखी एक परीक्षा घ्या. चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून, थेंबभर साबण लावून तळहातांमध्ये दोन-तीन मिनिटं जोरात चोळा. तंतू एकमेकांत गुंतून गोळा झाला तर ती साधी लोकर आहे, मशीनमध्ये टाकली की आटणार. तसाच मोकळा राहिला तर ती मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली लोकर असण्याची शक्यता जास्त. हा फरक पुढे तीन ठिकाणी आडवा येतो: धुण्यात, टोकं जोडण्यात आणि मापात. त्यामुळे चिठ्ठीवर लगेच लिहून टाका.

जाडी आणि लांबी

जाडीसाठी पट्टीभोवती धागा गुंडाळा. वेढे एकमेकांना टेकलेले हवेत, पण एकमेकांवर चढलेले किंवा ताणलेले नकोत. अडीच सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसले ते मोजा. साधारण १४ ते १८ वेढे बसले तर ती मोज्यांची बारीक लोकर, ज्याला फिंगरिंग म्हणतात. ११ ते १४ बसले तर डीके, ९ ते ११ बसले तर वर्स्टेड, आणि ७-८ किंवा त्याहून कमी म्हणजे जाड लोकर. गुंडाळणाऱ्याच्या हाताप्रमाणे यात एक-दोन वेढ्यांचा फरक पडतो, म्हणून याला अंदाजच समजा. लेबलवर गुंड्याच्या चित्रात ० ते ७ यांपैकी एक आकडा छापलेला असेल तर तो क्राफ्ट यार्न कौन्सिल या अमेरिकन संस्थेच्या प्रमाणाचा: १ म्हणजे फिंगरिंग, ३ म्हणजे डीके, ४ म्हणजे वर्स्टेड, ५ म्हणजे जाड. ‘४ प्लाय’ या शब्दावर मात्र जाडी ठरवू नका. चार बारीक पदर पीळ घालून बारीक धागा होतो आणि चार जाड पदरांचा जाड धागाही होतो.

लांबी काढायला अख्खा गुंडा उलगडायची गरज नाही. २० मीटर मोजून घ्या, त्याचं वजन करा, मग गुंड्याचं एकूण वजन करा. समजा २० मीटर ९ ग्रॅम भरले आणि सगळी लोकर ६४ ग्रॅम आहे: ६४ भागिले ९, गुणिले २०, म्हणजे सुमारे १४२ मीटर. पडताळा म्हणून हे लक्षात असू द्या: १०० ग्रॅम फिंगरिंग साधारण ४०० मीटर भरते, डीके २०० ते २५०, वर्स्टेड १६० ते २००, जाड लोकर १०० ते १३० मीटर. तुमचं उत्तर यापासून फारच लांब असेल तर पुन्हा मोजा. सुती धागा मात्र जड असतो. तेवढ्याच वजनात तो लोकरीपेक्षा कमी लांब भरतो, हे गृहीत धरा.

आता चिठ्ठी लिहा: कशाची, जाडी, वजन, मीटर, धुण्याची पद्धत, आणि लेबल असेल तर रंगाच्या घाण्याचा (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, म्हणजे ‘डाय लॉट’चा) नंबर. एकाच रंगाचे पण वेगवेगळ्या घाण्यांतले गुंडे कृत्रिम प्रकाशात सारखे दिसतात आणि दिवसाउजेडी स्वेटरवर सरळ पट्टा पडलेला दिसतो. तसे वापरायचेच असतील तर दोन्ही गुंडे चालू ठेवून प्रत्येकाच्या दोन-दोन ओळी आळीपाळीने विणा.

नमुन्याचा चौकोन

कपडा विणण्याआधी त्याच लोकरीचा एक चौकोन विणायचा आणि १० सेंटिमीटरला किती टाके, किती ओळी येतात ते मोजायचं. हे काम सगळ्यांना टाळावंसं वाटतं, पण शिल्लक लोकरीत ते टाळून चालत नाही. विकतच्या डिझाइनची लोकर तरी माहितीची असते. इथे लोकर अनोळखी, सुई अंदाजाची, आणि वर गुंडा संपला तर दुसरा मिळणार नाही.

सुईचा विचार मिलिमीटरमध्ये करा. जुन्या ब्रिटिश नंबरांत ८ नंबरची सुई ४ मिमीची असते, अमेरिकन नंबरांत तीच ६ नंबरची. शिवाय ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते आणि अमेरिकन पद्धतीत जाड. सुरुवातीला फिंगरिंगसाठी २.५ ते ३.२५ मिमी, डीकेसाठी ४, वर्स्टेडसाठी ५ आणि जाड लोकरीसाठी ६ ते ८ मिमी घ्या.

चौकोन निदान १५ सेंटिमीटर रुंद विणा. डीकेसाठी ३४ टाके घाला: दोन्ही कडांचे तीन-तीन टाके नेहमी सुलट, मधले २८ एक ओळ सुलट, एक ओळ उलट. लहान चौकोनात कडेचे ओढलेले टाके मोजमापात येतात आणि आकडा फसवा निघतो. १५ सेंटिमीटर उंच झाला की टाके बंद करा. मग तयार कपडा ज्या पद्धतीने धुणार आहात त्याच पद्धतीने हा धुवा, ताण न देता सपाट वाळवा आणि वाळल्यावर मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके आणि ओळी मोजा. अर्धा टाकासुद्धा मोजायचा. १० सेंटिमीटरला अर्धा टाका सोडून दिला तर १०० सेंटिमीटरच्या घेरात पाच टाके चुकतात.

धुण्याआधी मोजणं निरुपयोगी का, तर ओली झाल्यावर लोकर बदलते. प्रक्रिया केलेली लोकर ओली झाली की सैल पडून लांबते, आणि न धुता मोजून केलेला स्वेटर पहिल्या धुण्यात गुडघ्याकडे निघतो. अ‍ॅक्रिलिकचं उलट आहे: पाण्याने ते फारसं बदलत नाही, पण वाफेच्या इस्त्रीने कायमचं लोळागोळा होतं. बॉर्डरवर, म्हणजे सुलट-उलट टाक्यांच्या ताणणाऱ्या काठावर, इस्त्री फिरली की तिचा ताण गेला तो गेलाच.

गोलाकार सुईवर टोपी विणणार असाल तर चौकोनही गोलाकारच विणा. सरळ विणताना उलट ओळी येतात आणि बहुतेकांच्या हाताच्या उलट ओळी सुलटपेक्षा सैल असतात. गोलात त्या येतच नाहीत. एवढ्या कारणाने टोपी दोन-तीन सेंटिमीटर लहान होऊ शकते.

चौकोन उसवण्याआधी एक गोष्ट करा. त्याचं वजन घ्या आणि क्षेत्रफळ काढा. शिल्लक लोकर पुरेल की नाही हे सांगणारा याहून चांगला हिशेब नाही. समजा डीकेच्या १० बाय १० सेंटिमीटरला ४.५ ग्रॅम लागले. २० बाय १६० सेंटिमीटरचा मफलर म्हणजे ३,२०० चौरस सेंटिमीटर, असे ३२ चौकोन, म्हणजे १४४ ग्रॅम. स्वेटरचंही तसंच: १०० सेंटिमीटर घेर गुणिले ६० लांबी झाले ६,०००. दोन बाह्या, सरासरी ३४ सेंटिमीटर रुंद आणि ४५ लांब, मिळून ३,०६०. एकूण ९,०६०, म्हणजे सुमारे ९१ चौकोन, म्हणजे ४१० ग्रॅमच्या आसपास. त्यावर दहा टक्के वाढवा, ४५० ग्रॅम धरा. मात्र हा हिशेब ज्या विणीचा चौकोन त्याच विणीला लागू. वेण्यांची वीण किंवा बॉर्डर खूप लोकर खाते, जाळी कमी खाते.

किती लोकरीत काय

चाळीस-पन्नास ग्रॅम सुती धागा असेल तर भांडी पुसायचं किंवा ओटा पुसायचं फडकं विणा. तिरकं विणलं तर लोकर किती आहे याची चिंताच राहत नाही. ४ टाके घाला, एक ओळ सुलट विणा. पुढच्या प्रत्येक ओळीत २ सुलट, धागा पुढे घेऊन एक टाका वाढवा, उरलेले सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढत जातो आणि कडेला भोकांची रांग पडते. गुंडा अधूनमधून वजन करत राहा. अर्ध्याहून किंचित जास्त लोकर उरलेली असतानाच थांबा: ५० ग्रॅमपैकी २६ उरले की घटवायला लागायचं. आता प्रत्येक ओळीत १ सुलट, २ टाके एकत्र, धागा पुढे घेऊन एक टाका वाढवा, २ टाके एकत्र, उरलेले सुलट. ४ टाके राहिले की बंद करा. बरोबर अर्ध्यावर वळलात तर शेवटचे टाके बंद करायला आणि टोक लपवायला धागा उरत नाही.

साठ ग्रॅम डीके असेल तर मोठ्या माणसाची टोपी होते. डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर असेल तर टोपी ५० च्या आसपास हवी, नाहीतर ती डोक्यावर बसत नाही, नुसती ठेवल्यासारखी राहते. चौकोनात १० सेंटिमीटरला २२ टाके आले असतील तर ५० गुणिले २.२ म्हणजे ११०. वरचा भाग आठ भागांत घटवायचा आहे, म्हणून आठाच्या पटीत ११२ घ्या. टाके घालताना लागणाऱ्या शेपटीचा, म्हणजे सुरुवातीला मोकळ्या सोडायच्या धाग्याचा, अंदाज: रुंदीच्या तिप्पट अधिक २० सेंटिमीटर, इथे साधारण १७५ सेंटिमीटर. ३.५ मिमीच्या ४० सेंटिमीटर लांब गोलाकार सुईवर टाके घाला, जोडताना पीळ पडलेला नाही ना ते सगळ्या टाक्यांची खालची कड आतल्या बाजूला आहे का यावरून बघा. पहिली फेरी झाली की पुन्हा बघा. त्यानंतर पीळ दिसला तर उसवण्याशिवाय इलाज नाही.

२ सुलट २ उलट अशी बॉर्डर ५ सेंटिमीटर विणा. मग ४ मिमीच्या सुईवर, सुरुवातीपासून १५ सेंटिमीटर होईपर्यंत सगळं सुलट. आता घटवायचं: १२ सुलट, २ एकत्र, असं आठ वेळा, १०४ टाके राहतील. एक फेरी साधी. पुढे ११ सुलट, २ एकत्र, आठ वेळा, आणि पुन्हा एक साधी फेरी. असं ५६ टाके राहीपर्यंत. तिथून साध्या फेऱ्या बंद, प्रत्येक फेरीत आठ टाके घटवा. ८ उरले की धागा कापून त्यांतून दोनदा ओवा आणि घट्ट ओढा. टाके कमी झाल्यावर गोलाकार सुईवर ते पोहोचेनासे होतात, तेव्हा दोन्हीकडे टोकं असलेल्या पाच सुयांवर घ्या. एका सुईवरून दुसरीवर जाताना शिडीसारखी फट पडते. पहिल्यापेक्षा दुसरा टाका ओढून घेतला तर ती कमी होते, कारण पहिला टाका ओढताना सुया एकमेकींपासून दूर असतात.

शंभर ग्रॅम फिंगरिंगमध्ये मोज्यांचा एक जोड बसतो. दोन्ही मोजे सारखे व्हावेत म्हणून विणायच्या आधीच गुंड्याचे वजनाने दोन भाग करा. ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असलेला धागा टिकाऊ. निव्वळ लोकर असेल तर टाचेला बारीक नायलॉनचा धागा जोडीने घ्या. निव्वळ अ‍ॅक्रिलिकचे मोजे विणू नका, त्यात पाय घामेजतात आणि ओलेच राहतात.

दहा-वीस ग्रॅमचे तुकडे असतील तर पट्टे. सरळ विणताना दोन रंगांत प्रत्येकी सम संख्येच्या ओळी विणा, म्हणजे धागा सुरुवातीच्या कडेलाच परत येतो आणि कापावा लागत नाही. तीन रंग असतील तर प्रत्येकी एकच ओळ विणली तरी चालतं: ज्या रंगाची पाळी येते तो धागा त्याच कडेला हजर असतो. टोकं लपवायची कटकट याने जवळजवळ संपते. बारीक लोकर दुहेरी घेऊन जाड करता येते. दोन फिंगरिंग मिळून साधारण डीके होते, दोन डीके मिळून वर्स्टेडहून जाड. पण एका कपड्यात आटणारी लोकर आणि अ‍ॅक्रिलिक एकत्र करू नका. एका चुकीच्या धुण्यात लोकरीचा पट्टा आक्रसतो, शेजारचा तसाच राहतो आणि कापड चुण्या पडून वाकडं होतं.

गडद रंग पांढऱ्याशेजारी येणार असेल तर आधी त्याचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडावर दाबून ठेवा. सुती धाग्याचा रंग सुटत असेल तर व्हिनेगरने तो पक्का होत नाही. तो फडक्यासाठीच ठेवा.

धागे जोडणं

गाठ मारू नका. गाठ कालांतराने सुटते किंवा सुलट बाजूला उगवते. साधी, न प्रक्रिया केलेली लोकर असेल तर दोन्ही टोकांचे पदर पाच-सहा सेंटिमीटर उलगडा, अर्धे पदर तोडून टाका, उरलेले एकमेकांवर ठेवा, पाण्याने ओले करा आणि तळहातांत गरम होईपर्यंत चोळा. जोड कळतही नाही. अ‍ॅक्रिलिक, सुती किंवा प्रक्रिया केलेल्या लोकरीत हा जोड ओढताक्षणी सुटतो. त्यांच्यासाठी जाड सुईत एक टोक ओवून ते त्याच धाग्याच्या पोटातून आठ-दहा सेंटिमीटर मागे न्या, तयार झालेल्या फाशात दुसरं टोक अडकवा आणि त्याचंही तसंच करा. दोन्ही हलके ओढून उरलेली टोकं कापा.

उसवलेली लोकर

जुना स्वेटर उसवण्याआधी आतली शिवण बघा. सुईदोऱ्याने जोडलेले स्वतंत्र भाग असतील तर लांबच लांब धागा निघतो. कापून ओव्हरलॉक केलेली शिवण असेल तर प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा निघेल, तो नाद सोडा. शिवण उसवून बंद केलेल्या टाक्यांच्या टोकापासून सुरुवात करा. निघेल तसा धागा खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळत लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि लटकवा. कुरळेपणा न काढता तशीच विणली तर टाके खडबडीत येतात आणि नमुन्याचा आकडा पहिल्या धुण्यानंतर बदलतो.

कसर

कसरीचा पतंग लोकर खात नाही, त्याच्या अळ्या खातात. त्यांना प्राणिज तंतू लागतात, निव्वळ अ‍ॅक्रिलिक आणि सुती धागा सहसा वाचतो. बाहेरून आलेली कोणतीही लोकर, भेट असो की अदलाबदलीतली, आधी वेगळ्या बंद पिशवीत ठेवा. शंका असेल तर हवा काढून पिशवी बंद करा आणि −१८ अंशांच्या फ्रीजरमध्ये निदान दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, म्हणजे दव पिशवीवर जमेल, लोकरीवर नाही. सुवासिक पुड्यांनी अळ्या मरत नाहीत.

गटात विणताना

लोकरीची अदलाबदल करताना वर सांगितलेली चिठ्ठी जोडूनच गुंडा द्या. चिठ्ठी नसलेला गुंडा घेणाऱ्याच्या घरी पुन्हा तसाच पडून राहतो.

गटाने गोधडीसारखं पांघरूण करायचं ठरलं तर टाक्यांची संख्या ठरवून देऊ नका. दहा जणांचे हात दहा तऱ्हेचे, ४० टाक्यांचा चौकोन कुणाचा १८ सेंटिमीटर होतो, कुणाचा २२. माप ठरवून द्या: बाजू २० सेंटिमीटर. वर सांगितलेल्या फडक्याप्रमाणे कोपऱ्यापासून विणायला लावा, फक्त भोकं नको असतील तर भोकांऐवजी टाक्याच्या पुढून आणि मागून दोनदा विणून वाढवा आणि घटवताना प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एकदाच २ टाके एकत्र विणा. तिरकी कड टेपने २० सेंटिमीटर भरली की घटवायला लागायचं, टाके कितीही असोत. टेप सुईला समांतर धरू नका, सुईवरची रुंदी हा चौकोनाचा कर्ण असतो.

१०० बाय १२० सेंटिमीटरला ३० चौकोन लागतात. पहिला चौकोन वजन करा. २२ ग्रॅम भरला तर ६६० ग्रॅम चौकोनांना, आणि जोडण्यासाठी व कडेसाठी १०० ग्रॅम एकाच रंगाची लोकर आधीच बाजूला काढून ठेवा. लोकरीचा प्रकार आणि जाडी सगळ्यांची एकच हवी. जोडण्याआधी सगळे चौकोन धुवा, पिना लावून एकाच मापाला वाळवा, मग कोपऱ्याला कोपरा टाचून घ्या आणि मधून कडेकडे शिवा. एका टोकापासून सरळ शिवत गेलं की शेवटी एक-दोन सेंटिमीटर उरतात आणि तिथे चुणी पडते.

दवाखान्यासाठी किंवा आश्रमासाठी विणायचं असेल तर आधी त्यांना विचारा: कोणता धागा चालतो, कोणत्या मापाच्या टोप्या हव्यात, कपडे कोणत्या पाण्यात धुतले जातात. जिथे सगळं गरम पाण्यात मशीनला लागतं तिथे साधी लोकर पहिल्याच आठवड्यात आटते. तान्ह्या बाळांसाठी जाळीची वीण नको, बोटं अडकतात. केस गेलेल्या डोक्यासाठी शिवण नसलेली आणि मऊ धाग्याची टोपी लागते. धागा मऊ आहे का हे हाताने नाही, मानेला लावून बघा. प्रत्येक वस्तूच्या आत धुण्याची सूचना लिहिलेली कापडी पट्टी शिवा, शाई पक्की आहे ना ते आधी पाण्यात बुडवून तपासा.